हाफकिन यांनी मांडलेला प्लेगचा हिशेब

मुंबईत काही अघटित घडले की त्याचे पडसाद दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर उमटणार, हे नाते जुने आहे. १८९६ च्या हिवाळ्यात मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी आणि गलबते माणसांनी भरून जात होती. मालवण, देवगड, वेंगुर्ले ही बंदरे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती. स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्यांत या जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा होता. सणासुदीला घरी येणारा चाकरमानी त्या वर्षी सणावाराची वाट न पाहता परतू लागला, कारण मुंबईत प्लेग शिरला होता.

या साथीचे निदान करणारा डॉक्टरही कोकणपट्टीतलाच. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून ही ग्रंथिसन्निपाताची साथ असल्याचे सांगितले. त्यानंतर काही महिन्यांतच शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली. या पळापळीने सरकारी आकडेवारीचाही गोंधळ उडवला. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार ७६४ होती. समजा, एका आठवड्यात हजार माणसे दगावली. आठ लाखांच्या वस्तीत हे प्रमाण दर हजारी सव्वा येते. पण वस्ती चार लाखांवर आली असेल, तर तेच प्रमाण दर हजारी अडीच होते. मेलेल्यांची संख्या तीच, साथीचा जोर मात्र दुप्पट ठरतो. दुसरीकडे, मुंबईत लागण होऊन गावी पोहोचल्यावर दगावलेला माणूस गावाच्या मृत्युनोंदीत जाई, आणि जनगणनेत मात्र तो मुंबईकर म्हणूनच उरे.

अंशाबरोबर छेदही सांगितला पाहिजे, हे साथरोगशास्त्राचे पहिले सूत्र. ते पुस्तकांत रुळण्यापूर्वीच मुंबईच्या प्लेगमध्ये त्याचा आग्रह धरणारा एक परदेशी माणूस ऑक्टोबर १८९६ मध्ये या शहरात दाखल झाला. त्याचे नाव वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन. परळच्या संस्थेमुळे हे नाव मराठी माणसाच्या ओठी बसले आणि प्लेगची लस शोधणारा शास्त्रज्ञ म्हणून तो सर्वांना ठाऊक झाला. लस उपयोगी आहे हे सिद्ध करण्याची जी रीत त्याने अवलंबिली, तिची ओळख मात्र फारशी झालेली नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांच्या काळात ते स्वसंरक्षण गटात सामील झाले आणि त्यापायी अटकेतही गेले. धर्म बदलला असता तर रशियात पुढचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो नाकारला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे प्रारंभी मिळाले ते काम साहाय्यक ग्रंथपालाचे. प्रयोगशाळेत मिळेल तेवढ्या वेळात त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली.

१८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यात उतरले. पुढच्या सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानात फिरून चाळीस हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली. या भ्रमंतीत त्यांना एक अडचण कळून चुकली. पटकीची साथ येते, भडकते आणि आपोआप ओसरते. साथ उतरणीला लागल्यावर लस दिली तर श्रेय लसीला मिळते. चढती असताना दिली तर बोल लसीला लागतो. म्हणजे लस देण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. तुलना करायची तर ती एकाच वेळी, एकाच जागी राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या दोन गटांत केली पाहिजे.

ही संधी त्यांना १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान या वस्तीत मिळाली. एकाच तळ्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीने जे आजारी पडले, ते सर्व लस न घेतलेले होते. शास्त्राच्या भाषेत आज ज्याला तुलनागट म्हणतात, तो या वस्तीत आपोआप तयार झाला होता. पुढे तो जाणीवपूर्वक तयार करणे, हे हाफकिन यांच्या कामाचे अंग झाले.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवताना पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले. ते उष्णतेने मारून तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला बरीच मोठी मात्रा टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते सावरले. लस सुरक्षित असल्याचा हा एका माणसापुरता पुरावा होता. ती प्लेग रोखते का, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नव्हते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे तीनशेहून अधिक कैदी होते. सगळ्यांचे अन्न एक, काम एक, कोठड्या सारख्या, आणि बाहेर पळून जाण्याची सोय कोणालाच नाही. मुंबई शहरात जो छेद सतत निसटत होता, तो या भिंतींच्या आत पक्का सापडला. ३० जानेवारी रोजी साधारण निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली. ज्यांना आधीच लागण होऊन त्याच दिवशी लक्षणे दिसू लागली, त्यांचा प्रश्न वेगळा होता. अंगात शिरलेल्या रोगावर लसीचा इलाज चालत नाही. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, तर लस घेतलेल्यांपैकी दोघांना. लस घेतल्यानंतर लागण झालेल्या या दोघांपैकी कोणीही दगावला नाही.

बारा आणि दोन. हा फरक लसीचा की योगायोगाचा? लसीचा काहीच उपयोग नाही आणि दोन्ही गट अगदी समान आहेत असे क्षणभर धरले, तर प्रत्येक नवा रुग्ण या गटातला की त्या, हे नाणेफेकीसारखे ठरेल. चौदा वेळा नाणे उडवले तर छाप दोनदा किंवा त्याहून कमी वेळा पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. म्हणजे भायखळ्याचा निकाल निव्वळ योगायोगाने लागणे अशक्य नव्हते, पण अवघड होते. संख्याशास्त्र ज्याला सार्थकता म्हणते, त्याचा गाभा इतकाच आहे. मात्र ही कसोटी केवळ योगायोगापुरती असते. तुलनाच मुळात विषम असेल, तर ती दुरुस्त करण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते.

हाफकिन यांच्यापुढे नेमकी हीच दुसरी अडचण उभी राहिली. तुरुंगाबाहेर लस घ्यायला पुढे कोण येणार? शिकलेला, हाती चार पैसे असलेला, हवेशीर घरात राहणारा माणूस आधी येतो. त्याला प्लेग होण्याचा संभव लसीशिवायही कमी असतो. अशा लोकांची अंधाऱ्या चाळींतील लस न घेतलेल्या मजुरांशी तुलना केली, तर लसीच्या पदरात न कमावलेले यश पडते. साथरोगशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. त्यात काळही अविश्वासाचा होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची नासधूस यांनी लोक पिडले. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील गोळीबारात झाला. लोक रुग्ण लपवीत आणि प्लेगचा मृत्यू साध्या तापाच्या नावाने नोंदवीत. त्यामुळे साथीची खरी व्याप्ती काढायची तर एरवीच्या वर्षांत त्याच आठवड्यांत किती माणसे मरत, हे पाहून वरची वाढ मोजावी लागे. करोनाच्या साथीत सर्वांच्या कानी पडलेली अतिरिक्त मृत्यूंची संकल्पना तेव्हाही अशीच कामी आली होती. या वातावरणात लस सक्तीने देऊ नये, ती मागणाऱ्यालाच द्यावी, अशी हाफकिन यांची भूमिका राहिली. माणुसकीच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण तिच्यामुळे न्याय्य तुलना अधिकच कठीण झाली.

या पेचातून त्यांनी वाट काढली ती १८९८ मध्ये, बडोद्यापासून काही मैलांवर असलेल्या उंडेरा या गावी. गावची वस्ती हजाराच्या आसपास होती आणि प्लेग आधीच येऊन पोहोचला होता. हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष, बायका, मुले, सशक्त, अशक्त अशी सर्व प्रकारची माणसे दोन्हीकडे शक्य तितकी सारखी येतील असे पाहिले आणि त्यातील एका भागाला लस दिली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे होती. गरिबी, अंधार, उंदीर यांत दोन्ही भाग सारखेच वाटेकरी होते.

सुमारे सहा आठवड्यांनी अधिकाऱ्यांच्या समितीने घरोघर जाऊन हिशेब तपासला. प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या कुटुंबांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांना लागण झाली आणि २६ दगावली. लस घेतलेली ७१ माणसे होती; त्यांपैकी आठ जणांना लागण झाली आणि तिघे दगावले.

या सहा आकड्यांतून साथरोगशास्त्राचे पायाभूत गणित समजावून घेता येते. लागण होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांत शेकडा ४२ आणि लस घेतलेल्यांत शेकडा ११ येते. ११ ला ४२ ने भागले की सुमारे पाव उत्तर येते. यालाच सापेक्ष जोखीम म्हणतात. याचा अर्थ, लस घेतलेल्याला रोग होण्याचा धोका शेजारी बसलेल्या भावाच्या तुलनेत साधारण पाव उरला होता. एकूण माणसांच्या तुलनेत मृत्यू पाहिले तर एकीकडे शेकडा ४१ आणि दुसरीकडे शेकडा चार, म्हणजे जवळपास दशांश. आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले, हा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर एका बाजूला २७ पैकी २६ आणि दुसऱ्या बाजूला आठपैकी तीन. तिन्ही प्रमाणे लसीच्या बाजूने बोलतात, पण तिन्हींचे छेद वेगळे आहेत आणि अर्थही वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ करून बातमी दिली की वाचकाची फसगत होते. आणखी एक गोष्ट या हिशेबातून लपत नाही: लस घेऊनही तिघे मेले. हाफकिन यांनी लस अभेद्य कवच असल्याचा दावा केला नाही.

तरीही टीका झाली. १८९८-९९ मध्ये एडिंबरोच्या प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लसीमुळे लागण आणि मृत्यू कमी होतात हे मान्य केले. मात्र अनेक ठिकाणच्या नोंदी सदोष असल्याचेही नमूद केले. मोठ्या शहरांत लस न घेतलेल्यांची खरी संख्या कोणालाच माहीत नसे. मुंबईच्या निसटत्या छेदाचाच हा प्रकार होता. उंडेऱ्याची शिस्त दर ठिकाणी पाळणे हाफकिन यांच्या हाती नव्हते. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली आणि लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ते सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या दिवशी वापरलेल्या अन्य बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही. या आकड्यांनीच दोष कोठे शोधायचा हे दाखवले होते. लसीच्या कृतीत खोट असती तर ती सर्व बाटल्यांत दिसायला हवी होती. प्रश्न त्या एका बाटलीचा होता: ती मुंबईत दूषित झाली की मुल्कोवालला उघडताना?

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली होती आणि त्यात कार्बोलिक आम्ल वगळले होते, हे त्यांच्या विरोधात गेले. त्यांना निलंबित करण्यात आले आणि ते हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले. ज्या माणसाने आयुष्यभर एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे सांगितले, त्याचा निवाडा तुलनेतून मिळालेला धागा नीट न तपासताच झाला. हिशेब कितीही चोख असला तरी एकोणीस कुटुंबांचे दुःख त्यात मावत नाही, हेही तितकेच खरे. त्या दुःखाला उत्तर हवे होते. ते चुकीच्या ठिकाणी शोधण्यात आले.

पुढे कागदपत्रे खुली झाली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष बाहेर आली. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले. हाफकिन कलकत्त्याला परतले, पण परळची प्रयोगशाळा आणि मोठे प्रयोग यांना ते मुकले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. ते अविवाहित राहिले. अखेरची वर्षे धर्मचिंतनात घालवून त्यांनी आपली मिळकत पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांना शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी चाचपडत शोधलेल्या वाटेवर दरम्यान इतरांनी फरसबंदी केली होती. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर व पटकी यांच्या लशींची आकडेवारी तपासून खऱ्या तुलनेच्या अटी मांडल्या. दोन्ही गट महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखे हवेत, रोगाला सामोरे जाण्याची संधी दोघांना सारखी हवी, आणि रोगाचे निदान लस घेतली की नाही यावर अवलंबून नसावे. पुढे फिशर यांनी गट पाडण्याचे काम माणसाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोपवण्याचे तत्त्व रूढ केले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने ते वैद्यकात स्थिरावले. आज कोणतीही नवी लस या मार्गानेच येते.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. प्लेगने हिंदुस्थानात घेतलेले बळी एक कोटीहून अधिक होते. लस नसती तर ते किती झाले असते, याचा अंदाज उंडेऱ्याच्या त्या सहा आकड्यांवरून बांधावा लागतो.

मालवणच्या किनाऱ्यावर आता आगबोटी येत नाहीत. चाकरमानी रेल्वेने आणि बसने येतो. रोग मात्र नवी नावे घेऊन येतच असतात. २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात माकडताप उद्भवला. त्यावरील जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांतील रुग्णांची प्रमाणे शेजारी ठेवून पाहिल्यावर तिचे संरक्षण अपुरे असल्याचे दिसले आणि अखेर ती वापरातून काढण्यात आली. म्हणजे ज्या रीतीने एक लस तारली, त्याच रीतीने दुसरी बाद केली. काजूच्या बागेत कामाला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन्ही निकालांचे मोल सारखेच आहे. गावात तापाचे दहा रुग्ण सापडले असे ऐकले की किती जणांपैकी दहा आणि एरवी किती असतात, हे विचारण्याची सवय त्याला आणि त्याच्या आरोग्य केंद्राला लागली, तर हाफकिन यांचा हिशेब कोकणात अजून चालू आहे असे म्हणता येईल.